‘रोजची भाकर’मधला ‘रोजची’ आला कुठून?

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ मराठी ख्रिस्ती घरातलं लहान मूलही न अडखळता म्हणतं. सहा साधे शब्द. पण त्यांतला ‘रोजची’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला आहे, त्याचा नेमका अर्थ काय यावर किमान अठराशे वर्षं वाद चालू आहे. आजही तो मिटलेला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राच्या एका पुस्तकात, सहाव्या अध्यायाच्या अकराव्या ओवीत ही ओळ ग्रीकमध्ये अशी आहे: ‘तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन दोस हेमिन सेमेरोन.’ आर्तोस म्हणजे भाकर किंवा पाव. हेमोन म्हणजे आमची, दोस म्हणजे दे, हेमिन म्हणजे आम्हांला, सेमेरोन म्हणजे आज. हे सगळे शब्द ग्रीक बाजारात रोज ऐकू येणारे आहेत. उरला तो ‘एपिऊसिओस’. भाकरीचं हे विशेषण मत्तयाच्या या ओवीत आणि लूकच्या अकराव्या अध्यायात याच प्रार्थनेत येतं. ‘दिदाखे’ नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेतही ते आहे, पण तिथेही हीच प्रार्थना दिलेली आहे. होमरपासून पुढच्या अफाट ग्रीक साहित्यात, या प्रार्थनेशी संबंध नसलेल्या ठिकाणी, हा शब्द एकदाही भेटत नाही.

‘कदाचित तो बोलीतला शब्द असेल, पुस्तकात उतरला नसेल,’ असं आपल्या मनात येतं. पण याचं उत्तर एका ग्रीक माणसानेच देऊन ठेवलं आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा मोठा पंडित होऊन गेला. तो अलेक्झांड्रियाचा, ग्रीक ही त्याची स्वतःची भाषा. प्रार्थनेवरच्या आपल्या ग्रंथात तो लिहितो की हा शब्द कुणा ग्रीक विद्वानाने वापरलेला नाही आणि सामान्य लोकांच्या बोलण्यातही तो नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. शुभवर्तमानं लिहिली गेल्यानंतर दीडशे वर्षांच्या आसपासच ज्याची मातृभाषा ग्रीक आहे अशा माणसाला हा शब्द परका वाटावा, ही साधी गोष्ट नाही.

मग ‘रोजची’ हे भाषांतर चुकलं का? चुकलं असं मी म्हणणार नाही, पण ‘रोजचा’ या अर्थाचे शब्द बायबलच्या नव्या करारातच, म्हणजे येशूनंतरच्या ख्रिस्ती भागातच, वेगळे सापडतात. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात रोजच्या अन्नाचा उल्लेख आहे, तिथे ‘एफेमेरोस’ हा शब्द आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांना रोज होणाऱ्या वाटपाची गोष्ट आहे, तिथे ‘काथेमेरिनोस’ आहे. म्हणजे ‘रोजचा’ म्हणायचं असतं तर सरळ, रुळलेले शब्द हाताशी होते. आणि लूकची ओवी पाहा. तो ‘आज’ म्हणत नाही, ‘दररोज’ म्हणतो: ‘आमची एपिऊसिओस भाकर दररोज आम्हांला देत जा.’ इथे एपिऊसिओसचा अर्थ रोजची धरला तर ‘आमची रोजची भाकर रोज दे’ अशी द्विरुक्ती होते. तेव्हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात काहीतरी वेगळं होतं, एवढं निश्चित.

एकाच ठिकाणी आलेल्या शब्दाचा अर्थ लावायचा तर दोनच वाटा असतात. शब्द फोडून त्याचे धातू पाहायचे, किंवा पूर्वी ज्यांनी त्याचं भाषांतर केलं त्यांना तो कसा कळला ते पाहायचं.

पहिल्या वाटेने जाऊ. इथे संस्कृतची ओळख असलेल्या मराठी माणसाला एक सोय आहे, कारण ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या. शब्दाच्या सुरुवातीचा ‘एपि’ हा उपसर्ग म्हणजे संस्कृत ‘अपि’चा नातेवाईक, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वर, साठी, जवळ असा होतो. पुढच्या भागाबद्दल मात्र दोन पक्ष आहेत.

एक पक्ष म्हणतो की पुढे ‘ऊसिया’ आहे. ऊसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व. याच्या मुळाशी असणे या अर्थाचा धातू आहे, तोच जो संस्कृतात ‘अस्’ आहे. ग्रीक ‘एस्ति’ आणि संस्कृत ‘अस्ति’ शेजारी ठेवले की नातं लगेच दिसतं. या फोडीप्रमाणे एपिऊसिओस भाकर म्हणजे असण्यासाठी, जगण्यासाठी लागणारी भाकर. पोटापुरती. याच फोडीतून दुसराही अर्थ निघतो: ‘एपि’ म्हणजे वर, तर ही सगळ्या पदार्थांच्या वरची, लौकिकापलीकडची भाकर. याच ऊसियापासून बनलेला ‘होमोऊसिओस’ हा शब्द ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेत येशू पित्याशी एकसत्त्व आहे हे सांगण्यासाठी वापरला गेला. त्यामुळे ऊसिया ऐकलं की चर्चच्या पंडितांच्या मनात मोठमोठ्या कल्पना जाग्या होत, हे समजण्यासारखं आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की पुढचा धातू असण्याचा नाही, येण्याजाण्याचा आहे. संस्कृतातला ‘इ’ धातू, ज्याचं ‘एति’ आणि ‘एमि’ होतं, तोच ग्रीकमध्ये ‘एइमि’ या रूपात आहे. ‘एपि’सह त्याचा अर्थ होतो पुढून येणे. त्यापासून ‘एपिऊसा’ म्हणजे येती, येणारी. आणि हा शब्द मात्र भरपूर वापरातला आहे! प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती त्रोवसहून गलबताने समथ्राकेला जातात आणि ‘एपिऊसा’ला नियापुलीस गाठतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी. नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायातलं पहिलं वचन उद्याविषयी फुशारकी मारू नको असं सांगतं. त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात पुढे कारण दिलं आहे: ‘एपिऊसा’ काय घेऊन येईल हे तुला ठाऊक नाही. ‘उद्या’ आणि ‘एपिऊसा’ एकाच वाक्यात, एकाच अर्थाने. या फोडीप्रमाणे आपली ओळ होते: ‘आमची येत्या दिवसाची भाकर आज आम्हांला दे.’

दोन फोडींत निवड कशी करायची? इथे संधीचा नियम मदतीला येतो. आपण ‘अति’ आणि ‘अंत’ जोडले की ‘अत्यंत’ म्हणतो, ‘अतिअंत’ म्हणत नाही. दोन स्वर समोरासमोर आले की काहीतरी होतंच. ग्रीकमध्ये ‘एपि’पुढे स्वर आला की त्याचा शेवटचा ‘इ’ सहसा गळून पडतो. म्हणजे एपि आणि ऊसिया जोडून ‘एपूसिओस’ व्हायला हवं होतं. शब्दात तर ‘इ’ ठामपणे उभा आहे. येण्याच्या धातूत हा ‘इ’ उपसर्गाचा नसून धातूचा स्वतःचा आहे, त्यामुळे तो टिकण्यात काहीच नवल नाही. पहिल्या पक्षाचे लोक अपवाद दाखवतात, आणि अपवाद आहेतही. उदाहरणार्थ ‘एपिएइकेस’ या शब्दात ‘इ’ गळलेला नाही. पण तिथे पूर्वी मध्ये ‘व’सारखा उच्चार होता, तो नंतर लोपला. ऊसियाच्या आधी तसं काही नव्हतं. मला हा मुद्दा जड वाटतो. व्याकरण ‘येत्या दिवसा’च्या बाजूने झुकतं.

आता दुसरी वाट. ज्यांनी सुरुवातीला भाषांतरं केली त्यांना काय कळलं? जुन्या लॅटिन भाषांतरांत ‘क्वोतिदियानुम’ म्हणजे रोजची असं होतं. चौथ्या शतकाच्या शेवटी पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोम या पंडिताने लॅटिन शुभवर्तमानं तपासली, तेव्हा त्याने फार चमत्कारिक गोष्ट केली. लूकमध्ये क्वोतिदियानुम तसंच ठेवलं आणि मत्तयात त्याच ग्रीक शब्दासाठी ‘सुपरसुब्स्तान्तियालेम’ असा लांबलचक शब्द घातला: पदार्थापलीकडची. उपसर्गाला उपसर्ग, ऊसियाला ‘सुब्स्तान्तिया’, असं ते ग्रीक शब्दाचं जसंच्या तसं रूपांतर आहे. एकाच पुस्तकात एकाच शब्दाची दोन भाषांतरं! पण लोकांची जीभ काही बदलली नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पुढेही शतकानुशतकं क्वोतिदियानुमच म्हटलं जात राहिलं.

याच जेरोमने मत्तयावरच्या आपल्या भाष्यात एक मोलाची नोंद केली आहे. इब्री लोकांत चालणारं एक शुभवर्तमान त्याने पाहिलं होतं. आज ते हरवलेलं आहे. त्यात या जागी त्याला ‘महार’ हा इब्री शब्द सापडला, ज्याचा अर्थ उद्या. म्हणजे ‘उद्याची भाकर’. हे शुभवर्तमान ग्रीकवरूनच भाषांतरित झालेलं असू शकतं, त्यामुळे याला येशूच्या मूळ शब्दांचा पुरावा म्हणता येत नाही. तरी येशूच्या भाषेच्या जवळची भाषा बोलणाऱ्यांनी हा शब्द ‘उद्या’ असा वाचला, ही गोष्ट हलकी नाही. ईजिप्तमधल्या कॉप्टिक भाषांतरांतही ‘येणारी’, ‘उद्याची’ असेच अर्थ आहेत. सिरियाक भाषेने मात्र वेगळी वाट धरली: जुन्या भाषांतरात ‘अखंड मिळणारी’ आणि पुढे रूढ झालेल्या पेशित्तामध्ये ‘आमच्या गरजेची’.

रशियन प्रार्थनेची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. जुन्या स्लाव भाषांतरकारांनी ग्रीक शब्दाची नक्कल करून ‘नासुश्नी’ हा शब्द बनवला. ‘ना’ म्हणजे वर, पुढे असण्याचा धातू. तो शब्द प्रार्थनेतून बाहेर पडला आणि रशियन भाषेत ‘अत्यंत निकडीचा’ या अर्थाने रुळला. ग्रीकमध्ये जो शब्द कधीच संसाराला लागला नाही, त्याची ही नक्कल मात्र घराघरांत पोचली.

एकोणिसाव्या शतकात ईजिप्तच्या वाळूतून पपायरसचे तुकडे निघू लागले. चिठ्ठ्या, पावत्या, करार, घरखर्चाच्या याद्या. नव्या करारातले कितीतरी शब्द, जे पंडितांना खास धार्मिक वाटत होते, ते या कागदांत भाजीबाजाराच्या हिशोबात सापडले. साहजिकच एपिऊसिओसचाही शोध सुरू झाला. आणि तो सापडल्याची बातमीही आली! फायूम भागात हवारा इथे फ्लिंडर्स पेट्री यांनी केलेल्या उत्खननात खर्चाची एक यादी मिळाली होती. ए. एच. सेस यांनी ती वाचली आणि १८८९ साली छापली. तिच्यात एका ओळीत ‘एपिऊसि…’ असं अर्धवट अक्षर वाचलेलं होतं. पुढे १९१५ साली फ्रीडरिख प्रायझिग्के यांनी ती यादी आपल्या मोठ्या संग्रहात घेतली. विद्वानांना हायसं वाटलं. खर्चाच्या यादीत शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ रोजचा शिधा असाच असणार, कोडं सुटलं.

पण मूळ पपायरस गेला कुठे? कुणालाच दाखवता येईना. १९५७ साली ब्रूस मेट्झगर यांनी लेख लिहून सावध केलं की ज्याच्यावर एवढा भरवसा टाकतोय तो तुकडा आज कुणाच्या डोळ्यांसमोर नाही आणि सेस यांचं वाचन नेहमी काटेकोर नसे. त्यानंतर चाळीसेक वर्षं हा प्रश्न तसाच राहिला. १९९८ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात तो तुकडा सापडला. नायमन आणि वॉर्प या दोन अभ्यासकांनी तो नव्याने वाचून १९९९ मध्ये निष्कर्ष छापला. त्या जागी एपिऊसिओस नव्हतंच. तिथे ‘एलाइऊ’ होतं. म्हणजे तेल. कुणीतरी तेलावर केलेला खर्च शंभर वर्षं बायबलच्या शब्दकोशांना चकवत राहिला. ओरिजेन म्हणाला होता तेच पुन्हा खरं ठरलं.

यातून एक प्रश्न उरतो, आणि मला तो अर्थाइतकाच महत्त्वाचा वाटतो. येशू ग्रीकमध्ये प्रार्थना शिकवत नव्हता. त्याची बोली अरामी. मत्तय आणि लूक यांच्या प्रार्थनांत बराच फरक आहे. लूकची प्रार्थना पुष्कळच आखूड आहे. तरीही हा एक विलक्षण शब्द दोघांकडे अगदी सारखा आहे. दोन माणसं वेगवेगळी बसून एकाच अरामी शब्दासाठी असा जगावेगळा शब्द घडवतील हे शक्य दिसत नाही. म्हणजे त्या दोघांच्याही आधी कुणीतरी ही प्रार्थना ग्रीकमध्ये आणली होती. आपल्यासाठी तो माणूस अनामच आहे. नेहमीचे शब्द बाजूला ठेवून त्याने नवा शब्द का पाडला? अरामीत असं काहीतरी असणार, जे ‘रोजची’ या शब्दात मावत नव्हतं.

काय असेल ते? ‘येत्या दिवसाची भाकर’ या अर्थावर नेहमी एक आक्षेप घेतात. त्याच अध्यायात पुढे येशू म्हणतो की उद्याची चिंता करू नका. मग तोच उद्याची भाकर मागायला कसं शिकवेल? मला यात विरोध दिसत नाही. ज्याचं हातावर पोट आहे त्याला विचारा. त्याची चिंता बँकेतल्या शिलकीची नसते, उद्या चूल पेटेल का याचीच असते. येशूचे श्रोते असे होते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी भल्या पहाटे बाजारात उभे असलेले मजूर एका दिनाराच्या रोजाने ठरवतो आणि संध्याकाळी सगळ्यांना मजुरी देतो. मोशेच्या नियमशास्त्रात तर स्पष्ट आज्ञा आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. आज संध्याकाळी हातात पडलेल्या पैशातून उद्याची भाकर होते. शिवाय यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळी ही प्रार्थना केली तर ‘येता दिवस’ म्हणजे उंबरठ्यावर येऊन ठेपलेला दिवस. रात्री निश्चिंत झोपता यावं एवढंच हे मागणं आहे. वर्षभराचं धान्य त्यात मागितलेलं नाही.

बायबलच्या निर्गम या पुस्तकातली मान्नाची, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाची, गोष्टही इथे आठवते. रानात देव इस्राएल लोकांना रोज माणशी एक ओमर (हे त्या काळचं एक माप) मान्ना देतो. साठवून ठेवला तर त्यात किडे पडतात. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळतो, कारण दुसऱ्या दिवशी शब्बाथ. ‘येत्या दिवसाची भाकर आज’ हे शब्द अक्षरशः खरे होतात ते त्या दिवशी. उद्या विसावा घ्यायचा म्हणून आजच उद्याचं देणारा देव, हे चित्र प्रार्थना शिकवणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मनात असणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. योआखिम येरेमियास यांच्यासारखे अभ्यासक आणखी पुढे जाऊन म्हणतात की हा ‘उद्या’ म्हणजे देवाच्या राज्याचा महान उद्या आणि ही भाकर त्या राज्यातल्या मेजवानीची. ‘तुझे राज्य येवो’ ही मागणी जवळच आहे, त्यामुळे ही कल्पना सुंदर आहे. पण भुकेल्या माणसाच्या तोंडची भाकर इतक्या लवकर रूपक करून टाकायला माझं मन धजत नाही. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती पंडिताने पोटाची भाकर, चर्चच्या उपासनेत प्रसाद म्हणून मिळणारी भाकर आणि देवाचं वचन असे तिन्ही अर्थ सांगितले. १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत मार्टिन लूथरने रोजच्या भाकरीत कपडे, जोडे, घर, चांगलं हवामान आणि चांगले शेजारीसुद्धा घातले.

मराठीकडे वळतो. आपल्या भाषांतरकारांनी आर्तोससाठी ‘भाकर’ घेतली. ज्या वाचकांसाठी ते लिहीत होते त्यांच्या ताटात जे होतं तेच. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत या जागी ‘गिरास’ आहे, म्हणजे घास. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला इब्री आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल करण्यात घालवली. साध्या शिकलेल्या बाईलाही कळावं, हा त्यांचा आग्रह होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. अशा कामाला बसलेल्या प्रत्येकाला या एका शब्दापाशी थांबावं लागलं असणार.

आणि ‘रोजची’बद्दल मला अलीकडे वेगळंच वाटू लागलं आहे. मराठीत ‘रोज’ म्हणजे दररोज, तसाच ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरी. रोजाने जाणं, रोज मिळणं, पावसामुळे रोज बुडणं. कामगार नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला ‘रोजची भाकर’ म्हणजे रोजाची, रोजातून येणारी भाकर असं ऐकू येऊ शकतं. भाषांतरकारांच्या मनात हे असेल-नसेल, पण ग्रीक शब्दाच्या ज्या अर्थाकडे व्याकरण बोट दाखवतं त्याच्या फार जवळ हा मराठी शब्द आपसूक जाऊन बसला आहे. म्हणून तोंडात बसलेली ओळ बदलावी असं मी म्हणणार नाही. पुढच्या आवृत्तीत पानाच्या तळाशी एक टीप मात्र जरूर हवी: ‘किंवा, येत्या दिवसाची.’